लीग आणली, युनियन विसरली

नागपाड्यात ‘एनबीए’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक अमेरिकेतली नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन आणि दुसरी नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. माझ्या खालाचं घर मस्तान तलावाच्या मैदानापासून पाच मिनिटांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मराठवाड्यातून तिच्याकडे जायचो, तेव्हा हा खेळ मी पहिल्यांदा जवळून पाहिला. आमच्या गावात क्रिकेट आणि कबड्डी. इथं मात्र मगरिबची नमाज आटोपली की पोरं थेट कोर्टवर. भारतीय संघाचं कर्णधारपद सांभाळलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच वस्तीचे. पाणी, गटार आणि गर्दीसाठी बातम्यांत येणाऱ्या या मोहल्ल्याने देशाला बास्केटबॉलपटू दिले, हे बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असतं.

या मोहल्ल्याची आठवण होण्याचं कारण सध्या सारखी कानावर येणारी एक मागणी. भारतालाही एनबीएसारखी व्यावसायिक बास्केटबॉल लीग हवी, असं खेळावर लिहिणारे-बोलणारे सांगत असतात. मागणी चांगली आहे. पण तपशील विचारला की यादी ठरलेली असते : शहरांच्या नावांचे संघ, श्रीमंत मालक, खेळाडूंचा लिलाव, टीव्हीचे हक्क, दिवे आणि संगीत. या यादीत खेळाडू फक्त विकत घेण्याची वस्तू म्हणून येतो. करारातला दुसरा पक्ष म्हणून तो कुठेच नसतो.

माझा आक्षेप लीगला नाही, या अर्धवट नकलेला आहे. एनबीए मालकांमुळे मोठी झाली हे अर्धसत्य आहे. मालकांसमोर टेबलाच्या पलीकडे खेळाडूंची संघटना येऊन बसली, तेव्हापासून ती खऱ्या अर्थाने लीग झाली. आपण टेबल आणलं, अलीकडची खुर्ची आणली, पलीकडची खुर्ची मात्र जाणूनबुजून तिथंच ठेवली.

खालाच्या मुलाचा करार

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. खालाचा धाकटा मुलगा राज्य पातळीवर खेळला. काही वर्षांपूर्वी एका खासगी लीगमध्ये त्याची निवड झाली. (लीगचं नाव मुद्दाम घेत नाही. प्रश्न एका आयोजकाचा नाही.) घरात मिठाई वाटली गेली. करार इंग्रजीत होता, दहा-बारा पानांचा. त्याने शेवटच्या पानावर सही केली, कारण त्याला तेवढंच पान दाखवलं होतं. पैशाचा पहिला हप्ता आला. चौथ्या सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. दुसरा हप्ता आला नाही, तिसरा तर नाहीच. ऑपरेशनसाठी खालाने बांगड्या मोडल्या. आयोजकांचा फोन आधी लागायचा आणि कुणी उचलायचं नाही, नंतर तो लागायचाही बंद झाला. एके सकाळी त्याला संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं.

मी चिडून विचारलं, “अरे, तक्रार का केली नाहीस?” तो म्हणाला, “किससे बोलूँ, भाईजान? वहाँ था कौन?”

आमच्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं की मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी चुकती करावी. इथं घाम वाळला, टाके वाळले, तरी मजुरी आली नाही. पण मला जास्त लागला तो त्याचा प्रश्न. कुणाशी बोलू? कोणतीही लीग व्यावसायिक आहे की नाही हे ठरवायला हा एकच प्रश्न पुरेसा आहे. पैसे थकले, पाय मोडला, अन्याय झाला, तर खेळाडूने कुणाशी बोलायचं?

एनबीए चालते कशी?

ज्या लीगचं नाव घेतलं जातं, ती आधी नीट समजून घेऊ. एनबीएची मुळं १९४६ मधली. न्यूयॉर्कमध्ये काही क्रीडागृहांच्या मालकांनी एकत्र येऊन बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन केली. हिवाळ्यात आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री हॉल रिकामे राहू नयेत, हा त्यामागचा साधा हिशोब होता. १९४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग तिच्यात विलीन झाली आणि आजचं नाव आलं. म्हणजे जन्मापासून हा धंदा मालकांचा होता.

आज तिथं तीस संघ आहेत, पंधरा पूर्वेचे आणि पंधरा पश्चिमेचे. नेहमीच्या हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. नंतर सोळा संघांची बाद फेरी होते आणि तिथली प्रत्येक लढत सात सामन्यांची असते. युरोपातल्या फुटबॉलसारखी वर चढण्याची किंवा खाली घसरण्याची सोय नाही. सगळे सामने हरलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही लीगमध्येच. दार बंद असलेला हा क्लब आहे. सगळ्या संघमालकांचं मिळून गव्हर्नर मंडळ असतं. आयुक्त नेमतं तेच मंडळ. २०१४ पासून अ‍ॅडम सिल्व्हर त्या पदावर आहेत. त्यांना लोक बास्केटबॉलचे न्यायाधीश समजतात. प्रत्यक्षात ते मालकांनी नेमलेले अधिकारी आहेत.

नवे खेळाडू येतात ते ‘ड्राफ्ट’मधून. खराब कामगिरी केलेल्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. अगदी पहिल्या निवडींसाठी १९८५ पासून सोडत काढली जाते. कुठल्या शहरात खेळायचं हे नव्या खेळाडूला ठरवता येत नाही. नंतर त्याचा करार एका संघाकडून दुसऱ्याकडे त्याला न विचारताही जाऊ शकतो. त्यावर पगाराची कमाल मर्यादा. २०२५-२६ च्या हंगामात ती प्रत्येक संघाला सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. तिच्याभोवती अपवाद आणि दंडाचं असं जाळं आहे की ते उलगडायला संघ वकील बाळगतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल की ही तर मालकांची मक्तेदारी झाली. बरोबर आहे. कुठल्याही दुसऱ्या उद्योगात तीस कंपन्यांनी मिळून ‘नवा इंजिनियर कुणाकडे जाईल ते आम्ही ठरवू आणि पगार इतक्याच्या वर देणार नाही’ असं ठरवलं, तर अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना कोर्टात खेचेल. एनबीएला हे सगळं करता येतं, कारण हे नियम मालकांनी एकट्याने लादलेले नाहीत. ते खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून झालेल्या सामूहिक करारात आहेत. ज्याला आपले लोक ‘एनबीए मॉडेल’ म्हणतात, त्याचा कायदेशीर पायाच युनियनची सही आहे. ती सही काढून घ्या, ड्राफ्टही टिकणार नाही आणि पगाराची मर्यादाही नाही.

त्या सहीच्या बदल्यात खेळाडूंना काय मिळालं? लीगच्या बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा. करारात ४९ ते ५१ टक्के असं लिहिलेलं आहे. हिशोबाच्या वह्या तपासण्याचा हक्क, पेन्शन, आरोग्य विमा. आणि वाद झाला तर आयुक्ताच्या वर त्रयस्थ लवाद. १९९७ मध्ये लॅट्रेल स्प्रीवेल या खेळाडूने सरावात आपल्याच प्रशिक्षकाचा गळा धरला. संघाने करार रद्द केला, लीगने वर्षभराची बंदी घातली. युनियन लवादाकडे गेली. लवादाने बंदी ६८ सामन्यांवर आणली आणि करार जिवंत ठेवला. स्प्रीवेलचं कृत्य समर्थनीय नव्हतंच. पण चूक करणाऱ्यालाही सुनावणी मिळते, तिला आपण व्यवस्था म्हणतो. माझ्या मावसभावाने तर कुणाचा गळाही धरला नव्हता.

बाल्टिमोरचा थकलेला पगार

हे हक्क कुणी ताटात वाढून दिले नाहीत. १९५४ मध्ये बोस्टनचा बॉब कूझी हा त्या काळातला मोठा खेळाडू. त्याने प्रत्येक संघातल्या एकेका खेळाडूला पत्र लिहून संघटना उभी केली. त्याच सुमारास बाल्टिमोरचा संघ हंगामाच्या मध्यात बंद पडला होता. कूझीच्या पहिल्या मागण्यांमध्ये काय होतं? बाल्टिमोरच्या खेळाडूंचा थकलेला पगार द्या. प्रदर्शनी सामन्यांना मर्यादा घाला. दुसऱ्या शहरात पाठवलेल्या खेळाडूला घर हलवण्याचा खर्च द्या. पंचांनी लावलेला पंधरा डॉलरचा ‘कुजबुजीचा दंड’ बंद करा. वाद मिटवायला त्रयस्थ मंडळ नेमा.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलो. बंद पडलेला संघ, थकलेला पगार, दाद मागायला जागा नाही. खालाच्या घरातली गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडून गेली होती. फरक एवढाच की तिथं कुणीतरी पत्र लिहिलं.

मालकांनी तीन वर्षं टाळाटाळ केली. १९५७ मध्ये कूझी देशातल्या बड्या कामगार महासंघाशी बोलणी करू लागला, तेव्हा कुठे संघटनेला मान्यता मिळाली. पेन्शनचं आश्वासन मात्र हवेतच राहिलं. मग आला १४ जानेवारी १९६४. बोस्टनमध्ये ऑल-स्टार सामना, देशभर थेट प्रक्षेपण, बाहेर बर्फाचं वादळ. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, ऑस्कर रॉबर्टसन असे सगळे मोठे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. पेन्शनची हमी मिळाल्याशिवाय कोर्टवर उतरणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. एका मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप धाडला. त्याने उलट खेळाडू अधिक घट्ट झाले. प्रक्षेपणाची वेळ होत आली, आयुक्त वॉल्टर केनेडींनी शब्द दिला, मग सामना झाला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या वर्षी एनबीएत फक्त नऊ संघ होते. लीग श्रीमंत नव्हती. बरेच खेळाडू उन्हाळ्यात दुसरी नोकरी धरायचे. म्हणजे आधी पैसा आला आणि मग युनियन आली, असं घडलेलं नाही. युनियन आधी आली.

पुढे १९७० मध्ये संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने खटला दाखल झाला. करार संपल्यावरही खेळाडूला संघाशी बांधून ठेवणाऱ्या कलमाला त्याने आव्हान दिलं. प्रतिस्पर्धी एबीए लीगशी होऊ घातलेलं विलीनीकरण त्या खटल्याने सहा वर्षं अडवलं. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि करार संपल्यावर आपला मालक आपण निवडण्याचा रस्ता खुला होऊ लागला. १९८३ च्या करारात खेळाडूंनी पगाराची मर्यादा मान्य केली, पण उत्पन्नाच्या ५३ टक्के हिश्शाची हमी घेऊन. आपल्याकडे ‘सॅलरी कॅप’ हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. तिच्यासोबत आलेली हमी कुणाला आठवत नाही.

एकट्याचा विवेक, सगळ्यांचा विवेक

आता एक प्रकरण, जे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावं.

महमूद अब्दुल-रऊफ. मिसिसिपीतल्या गरीब घरातला मुलगा, मूळ नाव ख्रिस जॅक्सन. १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला, १९९३ मध्ये नाव बदललं. डेन्व्हर संघाचा तो सगळ्यात जास्त गुण करणारा खेळाडू होता. १९९५-९६ च्या हंगामात तो राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहत नसे. तो झेंडा आपल्याला दडपशाहीचीही आठवण देतो, असं त्याचं म्हणणं. महिनोन्‌महिने कुणाचं लक्ष नव्हतं. रेडिओवर चर्चा सुरू झाली आणि लीगला आपला नियम आठवला. १२ मार्च १९९६ ला त्याला निलंबित केलं. न खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे ३१,७०७ डॉलर कापले जाणार होते. एका सामन्यानंतर तडजोड निघाली : तो उभा राहील, पण दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून दुआ मागेल. उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला सॅक्रामेंटोला पाठवून दिलं. दोन वर्षांत तो लीगबाहेर गेला, तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

आता २०२०. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ऑरलँडोत बंदिस्त मैदानांवर हंगाम पुन्हा सुरू झाला. राष्ट्रगीताच्या वेळी संघच्या संघ गुडघ्यावर बसले. नियम तोच होता, पुस्तकात छापलेला. पण आयुक्तांनी सांगितलं की ही सगळ्यांनी मिळून केलेली शांततापूर्ण कृती आहे, तिचा आम्ही आदर करतो, नियम लावणार नाही. २६ ऑगस्टला मिल्वॉकीच्या खेळाडूंनी त्यांच्याच राज्यात जेकब ब्लेकवर झालेल्या पोलीस गोळीबाराच्या निषेधात बाद फेरीचा सामना खेळायलाच नकार दिला. पाठोपाठ सगळे सामने थांबले. लीग आणि युनियन बोलणीला बसले, आणि संघांची क्रीडागृहं मतदान केंद्रं म्हणून उघडून देण्याचं ठरलं.

१९९६ आणि २०२० मध्ये नियम बदलला नव्हता, संख्या बदलली होती. एकटा मुसलमान खेळाडू बसला तेव्हा तो शिस्तभंग ठरला. चारशे जण बसले तेव्हा ते विवेकाचं प्रतीक ठरलं. मालकांचं मन पालटलं असं मानण्याइतका मी भोळा नाही. सगळ्यांना एकदम निलंबित करता येत नाही, एवढं त्यांना कळलं. अल्पसंख्य माणसाला संघटनेची गरज सगळ्यात जास्त का असते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. बहुसंख्याकाचं मौनही खपून जातं. आपल्याला साधं वेगळं उभं राहायचं असलं तरी बाजूला कुणीतरी लागतं.

देवघरात ठेवण्याजोगी ही लीग नाही

एनबीएचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. याच लीगने २००८ मध्ये सिअ‍ॅटलचा चार दशकांचा संघ उचलून ओक्लाहोमा सिटीत नेऊ दिला, आणि त्या शहराचे प्रेक्षक बघत राहिले. लॉस एंजेलिस क्लिपर्सचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांच्यावर घरं भाड्याने देताना वंशभेद केल्याचे खटले झाले होते. २००९ मध्ये त्यांनी अमेरिकी न्याय विभागाशी लाखो डॉलर मोजून तडजोड केली. लीगने तेव्हा हूं की चूं केलं नाही. २०१४ मध्ये त्यांच्या वर्णद्वेषी बोलण्याची ध्वनिफीत बाहेर आली, खेळाडू बहिष्काराच्या तयारीला लागले, मग मात्र काही दिवसांत आजन्म बंदी आली.

मुंबईचाही इथं थेट संबंध आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्ज म्हणजे अब्दुल-रऊफला जिथं पाठवलं होतं तोच संघ. त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. आपल्या वर्तमानपत्रांनी मराठी आडनाव अभिमानाने छापलं. छापलं नाही ते हे की २०१३ मध्ये त्यांच्या गटाने संघ घेतला, तो सॅक्रामेंटोतच राहावा म्हणून त्या शहराने नव्या क्रीडागृहासाठी सार्वजनिक पैशातून सुमारे २५ कोटी डॉलर मोजले. मालकी खासगी, भिंतींचा मोठा खर्च जनतेचा. आपल्याकडची ‘मॉडेल’वाली मंडळी हे कलम मात्र चटकन शिकतील, अशी भीती वाटते.

वरळीत सामने चालू होते त्याच दोन दिवसांत ह्यूस्टन संघाच्या एका अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं. चीनमधला धंदा धोक्यात येताच अभिव्यक्तीचे गोडवे गाणारी लीग चाचरू लागली. स्त्रियांच्या डब्ल्यूएनबीएची गोष्ट तर अजून कडू. तिथल्या खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा पुरुषांच्या तुलनेत फार कमी. जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी त्या ‘आमचं देणं द्या’ अशा अर्थाचे शर्ट घालून सरावाला उतरल्या.

मालक सगळीकडे मालकच असतात, एवढंच यातून सिद्ध होतं. २०११ मध्ये याच मालकांनी दारं बंद करून लीग १६१ दिवस ठप्प ठेवली आणि खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून पन्नासच्या आसपास आणला. युनियन तिथंही हरते. पण हरण्यासाठी आधी मैदानात असावं लागतं.

आपल्याकडचा हिशोब

आपल्याकडे काय आहे? बास्केटबॉलपटूचं पोट आजवर भरलं ते रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका आणि आयकर खात्याच्या खेळाडू कोट्यातून. त्या नोकरीची चेष्टा करण्याची पद्धत आहे. पण तिच्यात पगार होता, आजारपणाची रजा होती, पेन्शन होती. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. २०१५ मध्ये यूबीए लीग आली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स अशी झोकदार नावं होती. २०१७ नंतर ती थांबली. मग भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल आली, सहा शहरांच्या संघांची. मुलांना खेळायला मिळालं हे चांगलंच झालं. पण यातल्या कुठल्या टप्प्यावर खेळाडूंच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींशी सामूहिक करार झाला? लीग बंद पडली तर हातातल्या करारांचं काय, हे त्यांच्याशी बोलून कुणी ठरवलं?

खरं तर सगळ्यांचा आदर्श आयपीएल आहे. तिचा हिशोब मांडून पाहू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला लिलाव, सामन्याचं मानधन वगैरे सगळं धरून खेळाडूंवर खर्चायला १४६ कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाच्या सुमारे १५ टक्के. तिकिटं आणि प्रायोजक यात धरलेलेच नाहीत. एनबीएत हा वाटा एकूण उत्पन्नाच्या निम्मा आहे. पन्नास आणि पंधरा यांच्यातली दरी बाजाराने खोदलेली नाही. २०१९ मध्ये भारतात क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली खरी, पण तिचे सदस्य फक्त निवृत्त खेळाडू. जो खेळतो आहे त्याला तिथं जागा नाही. म्हणजे बोलायची परवानगी मिळते ती बोलून काही उपयोग नसतो तेव्हा.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट लीगमध्ये ही गत. मग बास्केटबॉलमधल्या पोराने कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

‘आत्ता कशाला युनियन?’

हे मांडलं की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं उत्तर : आधी लीग मोठी होऊ द्या, मग हक्कांचं बोला. कूझीने नेमकं उलट केलं, आणि त्याची लीग आज ११ वर्षांचे प्रक्षेपण हक्क सुमारे ७६ अब्ज डॉलरना विकते. युनियनमुळे लीग बुडते हा दावा इतिहासात टिकत नाही.

दुसरं उत्तर : खेळाडू म्हणजे कामगार नव्हेत, त्यांना खेळायला मिळतं हेच भाग्य. हे वाक्य गिरणी कामगारांच्या मुंबईत बोलावं याचं मला आश्चर्य वाटतं. नागपाड्याला लागून मदनपुरा आहे, पुढे भायखळा, पुढे लालबाग. इथल्या चाळींत साच्यांवर उभं राहून माणसं झिजली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हाही मालक म्हणालेच होते की काम मिळतं हे काय कमी आहे. युनियन हा शब्द आपल्याला अमेरिकेतून आयात करावा लागत नाही. नागपाड्यात बास्केटबॉलचं कोर्ट आणि गिरणीचा भोंगा शेजारी शेजारीच नांदले.

तिसरं उत्तर जरा दबक्या आवाजात येतं, आणि ते आपल्याच लोकांकडून : ‘आपल्या पोरांनी जास्त आवाज करू नये, आधीच नावावरून बघतात.’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. खालानेही हेच सांगून मुलाला गप्प केलं होतं. पण अब्दुल-रऊफची गोष्ट पुन्हा वाचावी. एकट्याने आवाज केला तर नाव बघितलं जातं. संघटनेने आवाज केला तर मागणी बघावी लागते. त्या संघटनेत नागपाड्याचा मुलगा असेल, लुधियानाचा सरदार असेल, चेन्नईची आणि कोट्टायमची मुलगी असेल. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो. डोकं झाकून खेळायला आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची मनाई होती. खेळाडूंनी आणि काही देशांच्या महासंघांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१७ मध्ये ती उठली. कोणतंही दार आपोआप उघडलेलं नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कुठलीही नवी लीग उभी राहताना महासंघाने चार अटी घालाव्यात. हंगामाचा खेळाडूंचा पूर्ण पगार आधी बँकेत अनामत ठेवावा. कराराची प्रत खेळाडूला कळेल त्या भाषेत द्यावी. दुखापतीचा खर्च आणि त्या काळातलं मानधन आयोजकाने द्यावं. आणि खेळाडूंनी मतदानाने निवडलेल्या प्रतिनिधींना मान्यता देऊन वादासाठी त्रयस्थ लवाद नेमावा. यातली चौथी अट असेल तर पहिल्या तीन आज ना उद्या मिळतील. ती नसेल तर पहिल्या तीन कागदावरच राहतील.

खेळाडूंनाही एक सांगणं आहे. कूझीकडे वकिलांची फौज नव्हती, त्याने पत्रं लिहिली. तुमच्याकडे फोन आहे. ज्या ग्रुपमधून आयोजक तुम्हाला काढू शकतो, तो ग्रुप तुमचा नाही. तुमचा वेगळा काढा.

मावसभाऊ आता एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. पहाटे फजरनंतर मस्तान तलावावर लहान मुलांना शिकवतो, फुकट. मागच्या वेळी गेलो तेव्हा तो एका मुलाला पास देण्यावरून रागावत होता. “अकेला कितना भागेगा? बाजू में देख,” तो ओरडला. गुडघ्याला अजून पट्टा असतो.